पडलेलं पान भट्टीचं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे संचालकसाहेब; आजचे प्रमुख पाहुणे, नामवंत दंतवैद्य डॉक्टरसाहेब; व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेल्या आणि मी उभी राहिल्यापासून माझ्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती; मातीकाम आणि बागकाम या दोन्ही विभागांतले माझे सहकारी, जे आजच्या दिवशीसुद्धा मधली वाट मोकळी सोडून दोन बाजूंना बसले आहेत; विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो; आणि दाराशी हातात काडेपेटी घेऊन उभे असलेले आमचे भट्टीवाले काका, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

काका, तुम्ही बसून घ्या. वेळ लागणार आहे.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना काका काडेपेटी घेऊन का उभे आहेत हे ठाऊक नसेल, म्हणून आधी तेवढा खुलासा करते. आपल्या संस्थेत निरोपाची एक रीत आहे. जो निवृत्त होतो तो शेवटची भट्टी भरतो. आत काय ठेवायचं ते तोच ठरवतो आणि त्याला कुणीही नाही म्हणायचं नाही. ती भट्टी पेटवायची मात्र निरोपाचं भाषण करणाऱ्यानं, आणि तीही भाषण संपल्यावर. यामागे काही थोर विचार असेल असं समजू नका. भट्टी एकदा पेटली की तिच्या घरघरीत माइकवरचंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून आपल्या पहिल्या संचालकांनी ठरवून टाकलं की आधी बोला आणि मग पेटवा. मध्येच वक्त्याला खाली बसवायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. साहेब, हे मी सहज सांगितलं.

आता आज त्या भट्टीत काय आहे? मागे भट्टीचं दार उघडंच आहे, मान वळवलीत तर दिसेल. एक लिंबाचं झाड आहे. कुंडीसकट आहे आणि जिवंत आहे. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत त्याच्या अंगावर पातळ मातीचे थर दिलेत, पानापानाला, काट्याकाट्याला. भट्टी पेटली की आतलं झाड जळून जाईल आणि बाहेरची माती भाजून पक्की होईल. राहील ते मातीचं झाड, आतून पोकळ. सत्कारमूर्तींची सगळीकडे नावाजलेली कला ती हीच.

ते झाड माझ्या नवऱ्यानं लावलेलं आहे. सत्कारमूर्ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. नवरा आता नाही. झाड आहे. निदान माझं भाषण संपेपर्यंत तरी आहे. तेव्हा मी आज जरा सविस्तर बोलणार आहे.

सत्कारमूर्तींच्या कार्याचा आढावा घेणं हे वक्त्याचं कर्तव्यच असतं, नाही का? आणि आढावा घ्यायचा तर मुळापासून घ्यावा.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या हातात फुलांचा एक गुच्छ होता. दारात पाऊल टाकते न टाकते तोच एक बाई पुढे आल्या, म्हणाल्या, "आण इकडे, पाण्यात ठेवते." मला वाटलं, काय माया आहे! बादलीत ठेवलाही त्यांनी. बादलीत पाणी नव्हतं, चिखल होता. चार दिवसांनी गुच्छ परत आला तो पांढराशुभ्र आणि टणटणीत. लोकांचे लग्नातले गुच्छ सुकतात. माझा कपाटावरून पडून फुटला.

मी ह्यांना म्हटलं, "तुमची बहीण नेहमीच असं करते का?" हे म्हणाले, "नाही गं, आवडत्या माणसांच्याच वस्तू बुडवते." त्यानंतर त्या घरात माझं काय काय बुडालं याची मोजदाद मी ठेवलेली नाही. बाजारातून भाजी आली की आधी वन्संच्या नजरेखालून जायची. चांगला कोबी चिखलात आणि किडका पातेल्यात. मी एकदा चिडून म्हटलं, "वन्सं, माणसांनी काय खायचं?" तर म्हणतात कशा, "खाल्लेला कोबी उद्या कुणाला आठवणार आहे?" पोट भरलेलं होतं का माझं उलट उत्तर द्यायला!

पण कला मोठी, हे मान्य केलंच पाहिजे. आपलं पहिलं मोठं प्रदर्शन आठवा. टेबलावर वन्संनी नाशपातीची टोपली मांडली होती. देठ, डाग, एका फळावरचा माशीचा ठिपकासुद्धा जसाच्या तसा. झिलई इतकी हुबेहूब की आमचे संचालकसाहेब भाषण संपवून आले आणि त्यांनी त्यातली एक उचलून कचकन चावली. साहेब, संकोच करू नका, सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हाच आपली डॉक्टरसाहेबांशी ओळख झाली, ती आजतागायत टिकून आहे. डॉक्टरसाहेबांनी साहेबांना नवा दात बसवला. तो कशाचा? पांढऱ्या भाजलेल्या मातीचाच. मातीनं मोडलं आणि मातीनंच जोडलं. तेव्हापासून दर प्रदर्शनाला डॉक्टरसाहेब न चुकता येतात आणि फळांच्या टेबलापाशीच उभे राहतात. आज प्रमुख पाहुणे म्हणून त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव सुचणार होतं?

डॉक्टरसाहेब, जांभई आली तर खुशाल द्या. आम्हाला तुमचे दात बघायची संधी मिळेल.

आता थोडं राखेविषयी. झाडपाला जाळून त्याची राख पाण्यात कालवायची, भांड्यावर चढवायची आणि भाजायची. भट्टीच्या आचेत राख वितळते आणि भांड्यावर काचेसारखी झिलई धरते. प्रत्येक झाडाच्या राखेचा रंग वेगळा. हे ज्ञान वन्संना झालं आणि आम्हाला बसायला जागा उरली नाही. कारण त्यांना सगळीकडे झाडच दिसायला लागलं. केरसुणी म्हणजे झाड. पायपुसणं म्हणजे झाड. पाहुण्यांच्या गवती टोप्या म्हणजे झाड. साहेबांच्या केबिनमध्ये वेताची एक खुर्ची होती, आठवते? साहेब रजेवर गेले आणि येऊन बघतात तो खुर्चीच्या जागी कपबश्यांचा सेट. निळसर हिरवा रंग, वर बारीक तडे, काय देखणा! साहेब रागावले, पण चहा त्याच कपातून प्यायला लागले. ज्या खुर्चीवर बसून त्यांनी आम्हाला ओरडायचं, ती खुर्ची ते आज घोटाघोटानं पितात.

आणि माझी बाग! मी बागकाम विभागाची प्रमुख. माझ्या विभागाचं काम झाडं जगवणं, आणि भिंतीपलीकडच्या विभागाचं काम तीच झाडं जाळणं. एकाच छपराखाली हे दोन विभाग ठेवणाऱ्याच्या बुद्धीचं मला आजही कौतुक वाटतं. भांडणं एवढी झाली की शेवटी साहेबांनी एक नियम काढला, आणि तो नियम आता इथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनासुद्धा पाठ आहे. झाडावरचं पान बागेचं, पडलेलं पान भट्टीचं.

नियम कागदावर छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले तर वन्सं एका झाडाला टेकून उभ्या. मी म्हटलं, "काय झालं, बरं नाही का?" म्हणाल्या, "काही नाही गं, जरा टेकलेय." टेकल्या होत्या खऱ्या, पण पाठ अशी काही हलत होती की वरून पानांचा सडा पडत होता. आठवड्याभरात अख्खा मातीकाम विभाग माझ्या झाडांना टेकायला लागला. त्यांच्या वेळापत्रकात 'टेकण्याचा तास' आला, त्याला हजेरी घ्यायला लागले! मग मी काय कमी आहे? मी माझी मुलं झाडांखाली चादरी धरून उभी केली. चादरीवर पडलेलं पान जमिनीवर पडलेलं नाही, तेव्हा ते भट्टीचं नाही. यावर दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत वन्संनी चादरच नेली. सुती होती. सूत म्हणजे झाड.

हसा, हसा. भट्टी थंड आहे तोवर हसून घ्या.

साहेबांची चिठ्ठी आली आहे. 'आवरतं घ्या.' अक्षर सुरेख आहे, साहेब. कागदही चांगला आहे, राहू दे माझ्याकडे.

तर या सगळ्या धुमश्चक्रीत मध्ये एक माणूस होता. तुम्ही सगळे त्याला 'मधले' म्हणायचात. आमचे हे. ह्यांचं स्टोअर भट्टीच्या आणि बागेच्या बरोबर मध्ये. खोली एवढीशी, पण तिला दोन खिडक्या. एका खिडकीतून बहीण ओरडायची, दुसरीतून बायको. "ताईला सांगा, माझी घमेली परत करा." "तुझ्या बायकोला सांग, घमेली कसली, चाळणी आहे ती." हे दोन्हीकडे मान डोलवायचे. मी चिडायचे, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" तर म्हणायचे, "मी स्टोअरच्या बाजूचा."

माणूस वाईट नव्हता हो. मी रोज बोलायचे त्यांना, पण माणूस वाईट नव्हता.

एकदा चहात पिळलेल्या लिंबातली बी ह्यांनी एका मगात खोचली. तो मग वन्संनीच केलेला, कान तुटलेला. बी उगवली. मी बागेतली बाई, मी म्हटलं, "बीपासून आलेलं लिंबू आहे, वर्षानुवर्षं फळ धरायचं नाही, नुसते काटे येतील." काटे आले. काट्यांच्या बाबतीत झाडानं अजिबात कसूर केली नाही. मग त्याला कुंडी आली, मोठी कुंडी आली, झाड खिडकीच्या वर गेलं आणि लिंबाचा पत्ता नाही. ह्यांना रोज विचारावं, "काय, धरलं का?" ह्यांनी रोज सांगावं, "विचारात आहे."

गंमत अशी की त्या झाडाला खत मी घालत होते. ह्यांनी मला सांगून ठेवलेलं, "तुझ्या खतामुळे बघ कसं तरारलंय." मी फुशारून जायचे. पण ह्यांनी बहिणीलाही सांगितलेलं, "ताई, तुझी उरलेली राख देत जा, राखेनं बघ कसं तरारलंय." त्याही फुशारून जायच्या. म्हणजे एका खिडकीतून खत यायचं आणि दुसरीतून राख. दोघींना वाटत होतं, झाड आपलं. हे आम्हाला कधी कळलं? हे गेल्यावर. स्टोअर आवरायला दोघी एकदमच गेलो. माझ्या हातात खताची पिशवी, वन्संच्या हातात राखेचा डबा. दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत राहिलो.

वन्सं म्हणाल्या, "लबाड होता."

मी म्हटलं, "पक्का."

त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. तेवढा एकच दिवस.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न उभा राहिला की झाड कुणाचं. स्टोअर तर बंद झालं. साहेबांनी समिती नेमली. समितीनं विचार करून निर्णय दिला. कुंडी भाजलेल्या मातीची, म्हणून ती भट्टीची. झाड हिरवं, म्हणून ते बागेचं. कुंडीतली माती दोघांची समसमान. निर्णय देऊन समिती चहाला गेली. झाड कुंडीतून काढायचं कसं, माती कुणी वाटायची, मुळं कुणाच्या वाट्याच्या मातीत आहेत, हे कुणीही सांगितलं नाही. मग झाड जिथे होतं तिथेच राहिलं, बंद स्टोअरच्या खिडकीत. मी बाहेरून पाणी घालायचे. राख कोण घालतं ते मला माहीत नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग निवृत्ती आली. वन्संनी घरी जेवताना जाहीर केलं, "माझ्या शेवटच्या भट्टीत ते लिंबाचं झाड जाणार."

मी म्हटलं, "वन्सं, जिवंत आहे ते."

"आज आहे. उद्या कीड पडेल, परवा वाळेल. तू कितीही पाणी घाल, झाड मरतं, माणसं मरतात. एकदा भाजलं की पुन्हा मरणार नाही."

"पण मग त्याला लिंबू कुठून येणार?"

"आत्तापर्यंत कुठे आलंय?"

मी फांद्या लावून बघितल्या, कलमं करून बघितली, म्हटलं निदान पिलावळ तरी हाताशी राहील. एकही जगलं नाही. त्या झाडाच्या स्वभावातच ते नाही. मी म्हटलं, "झाडावरचं पान बागेचं असतं, वन्सं. साहेबांचाच नियम आहे." त्या म्हणाल्या, "शेवटच्या भट्टीला नियम नसतो." आणि तेही खरंच आहे.

कालपासून त्या ब्रश घेऊन बसल्या होत्या. मी दारातून बघत होते. इतक्या हलक्या हातानं माती लावत होत्या, तापलेल्या मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशा. एक काटासुद्धा मोडला नाही. मला एवढा राग आला, एवढा राग आला! कारण वाईट काम करत असत्या तर मी झाड हिसकावून नेलं असतं.

आणि मग निरोप आला की भाषण मी करायचं आहे. म्हणजे भट्टी मी पेटवायची आहे. वक्ता निवडायचा हक्क सत्कारमूर्तींचा, आणि सत्कारमूर्तींनी अख्ख्या संस्थेतून मला निवडलं. मला वाटलं, झाला सूड पुरा! माझ्या गुच्छावर, माझ्या कोबीवर, माझ्या चादरीवर पाणी सोडलं मी, आता नवऱ्याचं झाडही माझ्याच हातानं जाळायचं. मी ठरवून आले होते की बोलत राहायचं. संध्याकाळ होईल, उद्याची सकाळ होईल, माइक बंद पडेल, तरी बोलायचं. बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही, ह्यांना विचारा. म्हणजे विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं.

पण बोलता बोलता माझी नजर वन्संकडे जातेय. आणि मला एक गोष्ट दिसतेय, ती मला आधी दिसायला हवी होती. या बाईला उद्यापासून भट्टी नाही. उद्या सकाळी त्या उठतील, सवयीनं हात धुतील आणि मग त्या हातांचं करायचं काय? मला बाग आहे. माझ्याकडे शेकड्यानं झाडं आहेत, रोज नवं पान फुटतं, रोज कुणीतरी मरतं, रोज मी ओरडते. त्यांच्याकडे हे एक भाजलेलं झाड असणार होतं. त्यांचाही भाऊच होता की तो! मी नवरा नवरा करत बसले, पण मी यायच्या आधीपासून तो त्यांचा भाऊ होता. त्यांनी त्याला बोट धरून चालवलेलं आहे. मग मी कोण त्यांना अडवणारी?

नाही. बास झालं. काका, आणा ती काडेपेटी. मी पेटवते. वन्सं, तुमच्या मनासारखं होऊ दे, माझी तक्रार नाही. रडत नाहीये मी, माइकची धूळ गेली डोळ्यात.

काय म्हणता, काका? मोठ्यानं बोला, पुढच्यांनाही ऐकू दे. भट्टीच्या दाराशी कुणीतरी झारी ठेवली आहे, ती आधी हलवा?

झारी? भट्टीपाशी? काका, भट्टीपाशी पाणी आणायचं नाही, हे तर दाराच्या वर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. बागेतलं कुणी गेलं होतं का आत? नाही ना? माझी नाहीच ती, माझ्या सगळ्या झाऱ्या हिरव्या आहेत. भरलेली आहे? काठोकाठ? बरं, दिसते कशी? पत्र्याची... आणि तोटीला तार गुंडाळलेली?

ती तर आमच्या घरची झारी आहे. ह्यांची. ती तार मीच गुंडाळलीय. ती इथे कशी आली?

वन्सं?

एक मिनिट. सभागृहाची माफी मागते, मला जरा विचार करू दे.

कच्ची माती पाण्यात विरघळते. भाजलेली विरघळत नाही. हे मातीकामाच्या पहिल्या धड्यात आहे, म्हणजे भिंतीपलीकडे राहून मलासुद्धा माहीत आहे. त्या झाडावरची माती अजून कच्ची आहे. वर झारी धरली की सगळी ओघळून जाईल. आणि ज्या बाईनं आयुष्यात भट्टीजवळ पाण्याचा थेंब येऊ दिला नाही, त्या बाईनं आज भट्टीच्या दाराशी भरलेली झारी आणून ठेवली आहे.

वन्सं, तुम्हाला हे झाड खरोखर भाजायचंच असतं, तर तुम्ही भाषण साहेबांना करायला सांगितलं असतं. साहेब दोन वाक्यांत आटोपतात. तिसऱ्या वाक्यापासून त्यांचा दात दुखतो. तुम्ही निवडलं कुणाला? या संस्थेतलं जे एकच माणूस गप्प बसत नाही, त्याला. जे एकच माणूस ही काडी ओढणार नाही, त्याला. आणि मी इतकी मूर्ख, मी बोलून बोलून काडी ओढायला तयार झाले!

काय? काय म्हणालात? माइक घ्या ना. बरं, मीच सांगते. वन्सं म्हणताहेत, "एवढं बोलावं लागलं का गं तुला, तेवढं कळायला?"

टाळ्या नंतर वाजवा. वन्सं, उठा. तुम्ही आणि काका मिळून झाड बाहेर आणा. सांभाळून, कुंडी भट्टीची आहे. हो हो, माती दोघांची. तोवर मी माझं राहिलेलं कर्तव्य उरकते.

अध्यक्ष महोदयांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल त्यांची ऋणी आहे. प्रमुख पाहुण्यांनी जबडा आवळून एवढा वेळ ऐकून घेतलं, त्यांचेही आभार. मातीकाम विभागाचे आभार, बागकाम विभागाचे आभार, आणि मधल्या मोकळ्या वाटेचेही, कारण झाड आता तिथूनच येतंय. बाजूला सरका थोडे, काटे आहेत.

आता पेच एवढाच, की भट्टी रिकामी झाली आणि शेवटची भट्टी रिकामी पेटवायची रीत नाही. तर माझ्या हातात या भाषणाचे कागद आहेत. यातलं निम्मं मी वाचलंच नाही आणि जे बोलले ते यात लिहिलेलं नाही. कागद झाडापासूनच होतो. वन्सं, त्या बादलीतली माती उरली असेल, त्यात हे बुडवा आणि भट्टीत ठेवा. साहेबांची चिठ्ठीही त्यातच घ्या. बोलण्यात माझं काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा दात, कुणाची खुर्ची निघाली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते सगळं या कागदांबरोबर आत जळून जाऊ दे. मागे पातळ मातीचं जे काही राहील, तेवढंच माझं म्हणून ठेवा.

आणि वन्सं, उद्यापासून त्या झाडाला राख लागेल. भट्टीची मिळणार नाही, घरच्या चुलीची आणायची, आणि बागेत आणून घालायची ती रोज तुम्हीच. मी खत घालीन. भांडायला माणूस नसेल तर मला काम सुचत नाही.

हं, ठेवा इथे. मी नाही, झारी तुम्ही धरा. मुळाशी नको, वरून सोडा, पानांवर. हळू. अजून थोडं. माती जाऊ द्या ओघळून, फरशी पुसता येईल.

हिरवं आहे. दिसलं का सगळ्यांना? हिरवं आहे.

आणा काका, काडेपेटी. माझं भाषण संपलं.